बाबांचं सकाळचं फिरणं

बाबा चालताना हात पाठीमागे बांधतात. आयुष्यभराची सवय. थंडी असली की कानटोपी, वर भावाचं जुनं जाकीट, आणि कुणाच्या अंगणातलं एखादं झाड आवडलं की तिथेच थांबून ते नीट न्याहाळायचं. पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी येतायत आणि मला यातल्या प्रत्येक गोष्टीची धास्ती आहे. झाडापुढे थांबण्याचीसुद्धा.

इथं आईवडिलांना बोलावणाऱ्यांना अलाबामातलं मॅडिसन आठवत असेल. हंट्सव्हिलचं उपनगर, चांगल्या शाळा, इंजिनिअरांची वस्ती. ६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा घराजवळच्या रस्त्यावर फिरत होते. लहानग्या नातवाला सांभाळायला आले होते ते. एका रहिवाशाने पोलिसांना फोन केला: एक बारीक अंगाचा काळा माणूस फिरतोय, तिशीतला असेल, गॅरेजकडे बघतोय, याला इथं कधी पाहिलेलं नाही. पोलीस आले. आजोबांनी ‘इंडिया’, ‘नो इंग्लिश’ म्हणून सांगितलं, मुलाच्या घराकडे हात केला. थोड्याच वेळात एका अधिकाऱ्याने त्यांचे हात मागे धरले, पायात पाय घातला आणि त्यांना तोंडावर आपटलं. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात हे सगळं आहे. मानेच्या मणक्याला मार बसला, शस्त्रक्रिया झाली, हातपाय पूर्वीसारखे राहिले नाहीत.

राज्याच्या गव्हर्नरने माफी मागितली. अधिकाऱ्यावर केंद्राच्या कायद्याखाली दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. दिवाणी दाव्यात शहराने साडेसतरा लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, तेही २०२१ मध्ये.

त्या वेळी आपल्या लोकांच्या जेवणावळींत, व्हॉट्सअ‍ॅपवर हा विषय पुष्कळ निघाला. सगळेच हळहळले. पण त्या हळहळीत एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं: ‘अहो, त्यांना काळा समजले ना, म्हणून झालं.’ म्हणणाऱ्याला वाटायचं, आपण कारण सांगितलं. मला ते तेव्हाही झोंबलं आणि आजही झोंबतं. म्हणजे तो माणूस खरोखरच तिशीतला काळा असता, त्याच रस्त्यावर तसाच चालत असता, तर त्याला आपटणं रास्त ठरलं असतं का? आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, मारण्याबद्दल, की भलत्याच माणसाला मारल्याबद्दल?

फर्ग्युसनसुद्धा उपनगरच, मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसचं. तिथल्या पोलिसांबद्दल केंद्राच्या न्याय खात्याचा अहवाल मार्च २०१५ मध्ये, मॅडिसनच्या घटनेनंतर महिन्याभरात आला. वस्तीत काळे लोक सुमारे ६७ टक्के. पण पोलिसांनी बळ वापरल्याच्या नोंदींत ते जवळजवळ ९० टक्के. पोलिसी कुत्रा चावल्याच्या ज्या ज्या घटनेत वंशाची नोंद होती, त्या प्रत्येकात चावा काळ्या माणसालाच. पुढच्या वर्षी मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्सला शाळेच्या उपाहारगृहात काम करणारा ३२ वर्षांचा काळा माणूस गाडीत बसलेला असतानाच पोलिसाच्या गोळ्या लागून मेला. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. आपल्याजवळ परवान्याचं पिस्तूल आहे हे त्याने स्वतःहून सांगितलं होतं. ही सगळी आपल्याला हवीहवीशी वाटणारी गावं आहेत, शांत, हिरवळ कातरलेली. घर घेताना आपण शाळेचे गुण बघतो, पोलीस कुणाला अडवतात हे विचारत नाही.

या वस्त्यांत बाहेर पडायचं ते गाडीने. पुष्कळ ठिकाणी पदपथ नसतो. त्यामुळे पायी चालणारा माणूस उठून दिसतो आणि ‘ओळखीचा नाही’ एवढं फोन करायला पुरतं. फोनवर ऐकलेलं वर्णन डोक्यात घेऊनच अधिकारी गाडीतून उतरतो. पुढे कायदाही त्याच्याच नजरेने बघतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ हा १९८९ चा निकाल म्हणतो की बळाचा वापर त्या जागी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या दृष्टीने तपासायचा, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नाही. ज्याच्यावरून हा निकाल आला तो ग्रॅहम मधुमेही होता. साखर उतरली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला, रांग बघून घाईने बाहेर पडला, एवढ्यावरून त्याला अडवलं आणि त्या झटापटीत त्याचा पाय मोडला. क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात हे मी मान्य करते. पण नुसता चालणारा म्हातारा समोर असताना ती घाई कुठून आली, हे कुणी विचारायचं?

बाबांसाठी मी एक कार्ड करून घेतलंय: नाव, आमचा पत्ता, माझा आणि नवऱ्याचा फोन, ‘मला इंग्रजी येत नाही, मराठी दुभाषा हवा’ अशी ओळ. पण ते कार्ड खिशात असणार, आणि पोलिसांसमोर खिशात हात घालायचा नाही हेही मला त्यांनाच शिकवायचंय. म्हणून ते गळ्यात अडकवणार आहे. ते फोनवर म्हणाले, ‘अगं, मी काय चोर आहे का?’ आणि मला धड उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला हात कसे ठेवायचे ते मी सांगतेय, याचा मला संताप येतो.

म्हणून गावच्या कौन्सिलच्या बैठकीत नागरिकांना बोलायला देतात तेव्हा मी उभी राहिले. तीन गोष्टी विचारल्या. ‘अनोळखी माणूस फिरतोय’ असा फोन आला तर घेणारा ‘तो करतोय काय?’ हे विचारतो का, आणि काहीच करत नसेल तरी गाडी पाठवता का? गस्तीवरच्या अधिकाऱ्याला फोनवरून दुभाषा मिळवता येतो का? आणि सोबतचा अधिकारी मर्यादा सोडतोय असं दिसलं तर दुसऱ्याने त्याला अडवलंच पाहिजे, असा लेखी नियम आहे का? दुभाष्याची सोय आहे म्हणाले. बाकी दोन्हींवर ‘कळवतो’. बैठकीनंतर एक काळ्या बाई येऊन म्हणाल्या, तिसरा प्रश्न आम्ही केव्हापासून विचारतोय. पुढच्या बैठकीला आम्ही दोघी शेजारी बसणार आहोत. याच भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी यावं. आईवडील येणार असोत वा नसोत.