चांगली वाजणारी गिटार उघडायची कशाला?

मी गिटार वाजवते आणि गिटारी उघडतेही, हे ज्यांना ठाऊक आहे ते मला हटकून दोन प्रश्न विचारतात. पहिला, तुमची सगळ्यात आवडती इलेक्ट्रिक गिटार कोणती? उत्तर, फेंडर कंपनीची टेलिकास्टर. त्यावर लगेच दुसरा: मग एवढ्या आवडत्या, धड वाजणाऱ्या गिटारीत सारखे बदल कशाला करता, आहे तशी राहू द्या की! तुम्हीही तेच विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते. माझ्यापुरतं दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. टेलिकास्टर मला आवडते ती मुळात तिच्यात हात घालता येतो म्हणून.

ती बनवणारा लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातून आलेला माणूस. स्वतः गिटार वाजवत नसे. 1950 मध्ये ही गिटार ब्रॉडकास्टर या नावानं बाजारात आली आणि ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच असल्यामुळे 1951 मध्ये ती टेलिकास्टर झाली. तिचा नेक, म्हणजे बोटं फिरतात तो लांब दांडा, बॉडीला गोंदानं चिकटवलेला नाही, चार स्क्रूंनी आवळलेला आहे. व्हॉल्यूम, टोन आणि स्विच एका अरुंद धातूच्या पट्टीवर बसवलेले आहेत. त्या पट्टीचे दोन स्क्रू काढा, पट्टी उलटी करा, की जवळजवळ सगळं वायरिंग तुमच्या तळहातावर. तारांना हातसुद्धा लावावा लागत नाही. फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरमध्ये (स्ट्रॅटमध्ये) तेवढंच बघायला तारा काढून अख्खं पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचं संरक्षक झाकण, उचलावं लागतं. टेलिकास्टर पहिल्यांदा उघडली की कळतं, ही वस्तू दुरुस्त करणाऱ्यानं पुढच्या दुरुस्त करणाऱ्याचा विचार करून बनवली आहे.

पण उघडता येते म्हणून उठसूट उघडावी असं मी म्हणत नाही. वाजवताना एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा खटकायला हवी. कानाची किंवा हाताची ठरावीक तक्रार असेल तरच बदलाला अर्थ येतो. तक्रार नसताना केलेली खरेदी म्हणजे नुसते सुटे भाग गोळा करणं.

एक तक्रार टेलिकास्टरवाल्या बहुतेकांना असते. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात त्या भागावर) सॅडल, म्हणजे तारांखालचे सरकते आधार, तीनच असतात, म्हणजे दोन-दोन तारांत एक. प्रत्येक तारेची लांबी वेगळी साधायची सोय नाही. सगळ्यात जास्त त्रास मधल्या जोडीचा, तिसऱ्या आणि चौथ्या तारेचा. चौथी तार गुंडाळीची (वरून बारीक तार गुंडाळलेली), तिसरी साधी. सॅडल चौथीच्या मापानं लावलं तर तिसरी वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) चढी बोलते, तिसरीच्या मापानं लावलं तर चौथी उतरते. मात्र यात मूळ आराखड्याची चूक काढण्यात अर्थ नाही. पन्नासच्या दशकात तिसरी तारही गुंडाळीचीच असायची आणि दोघींचं एका सॅडलवर बऱ्यापैकी निभायचं. पुढे वादकांनी तारा बारीक केल्या, तिसरी साधी झाली आणि ब्रिज मात्र जुनाच राहिला. उपाय म्हणून सहा सॅडलचा ब्रिज मिळतो. मला त्यापेक्षा तीनच पितळी सॅडल, पण प्रत्येकावर दोन तारांच्या बैठका थोड्या मागेपुढे केलेली, जास्त पटतात. सूर जुळतो आणि एका सॅडलवर दोन तारांचा मिळून जो दाब पडतो तोही टिकतो. आवाजातली ती ठाशीव धार बरीचशी तिथून येते असं माझं मत आहे.

माझा सगळ्यात लाडका बदल मात्र चार खाचांच्या स्विचचा. तारेच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारे चुंबक-कॉइलचे दोन पिकअप टेलिकास्टरवर असतात, एक ब्रिजपाशी, एक नेकपाशी. नेहमीच्या टेलिकास्टरच्या स्विचला तीन खाचा: ब्रिज पिकअप, दोन्ही एकत्र, नेक पिकअप. मधल्या खाचेत दोन्ही पिकअप पॅरलल (शेजारी-शेजारी) जोडलेले असतात, त्यामुळे त्यांचं एकत्रित इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) कमी होतं आणि आवाज स्वच्छ, काचेसारखा येतो. चौथ्या खाचेत हेच दोन पिकअप सिरीजमध्ये (एकामागे एक) येतात. इंडक्टन्सची बेरीज होते, आवाज मोठा होतो, मधले सूर भरतात, वरची किनार थोडी गोल होते. अँपला जरा जोरात ढकलायचं असेल तेव्हा हा आवाज फार कामाचा.

यात एक नाजूक जागा आहे. नेक पिकअपवर धातूचं झाकण असतं आणि ते आतून कॉइलच्या ग्राउंडकडच्या टोकाला जोडलेलं असतं. सिरीजमध्ये ते टोक ग्राउंडवर राहत नाही, तिथून सिग्नल वाहतो. म्हणजे झाकणही सिग्नलमध्ये सामील होतं आणि त्याला बोट लागलं की गुणगुण सुरू. म्हणून पिकअप बाहेर काढून, उलटा करून, झाकण आणि ते टोक यांच्यामधला छोटासा दुवा कापायचा आणि झाकणाला ग्राउंडची स्वतंत्र वायर द्यायची. कॉइलची तार केसासारखी बारीक असते आणि ती त्या जोडाशेजारीच येऊन टेकलेली असते. कात्रीचं टोक एवढंसं सरकलं तरी पिकअप मुका. मी हे काम दिवसाउजेडी करते, आसपास कुणी बोलत नसताना, आणि मोठी कात्री हातात घेतच नाही. दुवा सुटला, मल्टिमीटरवर झाकण आणि कॉइल वेगळे झालेले दिसले, की जो आनंद होतो तो नवी गिटार विकत घेऊन होत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

काही जण म्हणतात, कंपनीनं विचार करूनच बनवलेलं असतं, आपण कोण बदलणारे? इतिहास बघा. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप आणि तीन खाचांचा स्विच होता. वादक तो दोन खाचांच्या मध्ये अडकवून धरायचे, कारण तिथे दोन पिकअप एकत्र वाजून जो आवाज यायचा तो त्यांना हवा होता. कंपनीनं पाच खाचांचा स्विच दिला तो 1977 मध्ये. खुद्द टेलिकास्टरवर स्विचच्या मधल्या खाचेत दोन्ही पिकअप एकत्र वाजवायची सोय कारखान्यातून मिळायला 1967 उजाडावं लागलं. लोक नेकपाशी हंबकर (गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप) बसवू लागले होते, आणि 1972 ची टेलिकास्टर कस्टम तसाच हंबकर घेऊन आली. तो बनवला होता सेथ लव्हरनं, ज्यानं आधी गिब्सन या गिटार कंपनीसाठी मूळ हंबकर तयार केला होता. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं स्ट्रॅटच्या घाटाच्या बॉडीत ब्रिजपाशी गिब्सनचा हंबकर बसवला आणि ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी तशा गिटारींच्या रांगा लावल्या. मालकांनी आधी घरी केलं, कारखान्यांनी मागून छापलं, असं हे चालत आलंय.

आणि मूळ रूप मोडलं की मोल जातं, हे सरसकट खरं नाही. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट 1970 मध्ये घेतलेली. तिचे नेक बदलले, पिकअप बदलले, ट्रेमोलो (सूर हलवायचा दांडा) बदलून परत आणला, नेक पिकअप हवा तेव्हा मिसळता यावा म्हणून जास्तीचा छोटा स्विच बसवला. 2019 च्या लिलावात ती जवळजवळ चाळीस लाख डॉलरला गेली. रोलिंग स्टोन्स बँडच्या किथ रिचर्ड्सच्या जुन्या टेलिकास्टरच्या नेकपाशी गिब्सनचा हंबकर आहे आणि सहावी तार तर ठेवलेलीच नाही, कारण ओपन जी ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारांवरच जी कॉर्ड वाजते अशा लावणीत) त्याला ती नको होती. या गिटारींत केलेला प्रत्येक बदल वाजवणाऱ्याच्या एखाद्या गरजेला दिलेलं उत्तर आहे, म्हणूनच त्या मला कपाटात जपलेल्या कोऱ्या गिटारींपेक्षा जास्त जिवंत वाटतात.

सुरुवात कुठून करू, असंही तुमच्यातल्या काहींनी विचारलंय. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि आधी पिकअपची उंची बघा. पिकअपचे चुंबक तारांच्या फार जवळ आले की तारेला ओढतात, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो, दुहेरी ऐकू येतो. लोक याला गिटारचा दोष समजून नवे पिकअप मागवतात. दोन स्क्रू थोडे फिरवले की पुष्कळदा काम होतं. मग नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा. ट्यूनिंग टिकत नाही म्हणून लोक ट्यूनर बदलतात, आणि तार खरं तर नटमध्ये अडकत असते. मग तारा, ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई), बाराव्या फ्रेटवर सूर तपासणं. एवढं सगळं केल्यावर जी तक्रार शिल्लक राहते ती खरी.

व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज बोदा होतो, ही तशी एक खरी तक्रार. पॉटचा (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागाचा) रेझिस्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून वरचे सूर गिळतात. पॉटच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांमध्ये एक छोटा कपॅसिटर, बरोबर एक रेझिस्टर, की ते सूर वाट काढून पुढे येतात. सोल्डरिंग शिकायला याहून चांगलं काम नाही. फक्त एका वेळी एकच बदल करा. पिकअप, पॉट आणि कपॅसिटर एकाच बैठकीत बदलले तर आवाज कशामुळे बदलला हे कधीच कळणार नाही. उघडण्याआधी वायरिंगचा फोटो काढा आणि निघालेला प्रत्येक भाग नाव लिहून पिशवीत ठेवा.

लाकूड मात्र मी कोरत नाही. स्क्रू परत लावता येतो, सोल्डर परत वितळवता येतं, कोरलेलं लाकूड परत येत नाही. मोठा हंबकर बसवायचा तर टेलिकास्टरच्या नेकपाशी खाच वाढवावी लागते, आणि तिथे मी थांबते. मूळच्या खाचेत मावतील असे छोटे हंबकर मिळतात, पण मी तोही अजून घेतलेला नाही. जाड आवाज हवा असतो तेव्हा स्विचची चौथी खाच मला पुरते.