सदक्यानं

जुम्मेरात, रात्री साडेअकरा

नानी झोपली. धाकटा ओटीवर मोबाईल बघत पडलाय. उद्या रात्री त्याचं कुवेतचं विमान.

मगरीबच्या (संध्याकाळच्या) नमाजानंतर नानीनं नेहमीप्रमाणे उदबत्ती लावली, फातिहा पढली आणि हात उचलले. दुपारभर सुकट निवडत बसली होती, तळव्यांचा वास गेला नव्हता. "या अल्लाह, तुझ्या हबीबच्या सदक्यानं माझ्या पोराला सुखरूप पोचव." हबीब म्हणजे पैगंबर, आणि सदक्यानं म्हणजे त्यांच्या पुण्याईनं. मी आमीन म्हटलं. धाकटा गप्प. मग म्हणाला, "नानी, ते 'सदक्यानं' काढ. सरळ अल्लाहकडे माग. अशानं अकीदा बिघडतो." अकीदा म्हणजे श्रद्धेचा पाया.

नानीनं हात तोंडावरून फिरवले आणि विचारलं, "तुझा व्हिसा कोणी केलान? एजंटानंच ना?"

"अल्लाहला एजंट लागत नाही, नानी."

खरं सांगायचं तर उत्तर त्याचंच बरोबर होतं. नानीनं नेमका तोच दाखला दिला जो तिच्या विरोधात जातो. सूरे बकराची १८६वी आयत मला पाठ आहे: माझे बंदे माझ्याविषयी विचारतील तर मी जवळच आहे. कुराणात इतर ठिकाणी 'लोक तुम्हाला विचारतात' असं आलं की पुढे बहुधा पैगंबरांना 'सांगा' असं येतं. इथं तेवढाही शब्द मध्ये नाही. हे कळल्यापासून ती आयत पढताना दर वेळी अंगावर काटा येतो.

पण म्हणून नानीचा अकीदा बिघडला? इथं माझं धाकट्याशी जुळत नाही.

ते दोघं रुसून बसल्यावर मी बुखारीच्या संग्रहातली हदीस (पैगंबर आणि त्यांच्या साथीदारांची नोंदलेली हकीकत) काढली. मदिनेत दुष्काळ पडला तेव्हा पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा हजरत उमर यांनी पैगंबरांचे चुलते अब्बास यांना पुढे करून दुआ केली: या अल्लाह, आम्ही आमच्या नबींच्या वसिल्यानं (मध्यस्थीनं) तुझ्याकडे मागायचो आणि तू पाऊस द्यायचास, आता नबींच्या चुलत्यांच्या वसिल्यानं मागतो. गंमत अशी की दोन्ही बाजू हीच हदीस पुढे करतात. एक म्हणते, बघा, माणसाचा वसीला घेतलाय. दुसरी म्हणते, मग नबींची कबर तिथंच मदिनेत असताना अब्बास कशाला? कारण त्यांनी हयात माणसाला दुआ करायला सांगितलं, बस्स. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. पण पहिला वाचणारेही काही अडाणी नव्हते. धर्मपंडित इब्न तैमिया (१२६३–१३२८) कडाडून विरोधात, तर त्यांच्याच काळातल्या तकीउद्दीन सुबकी यांनी त्यांच्या विरोधात अख्खा ग्रंथ लिहिला. सुबकी आपल्या शाफई पंथाचेच. आणि 'अमक्याच्या हक्कानं दे' असं म्हणणं दुसऱ्या पंथाच्या, हनफींच्या 'हिदाया' या ग्रंथात मकरूह म्हटलंय. मकरूह, म्हणजे नापसंत. शिर्क, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीनं दुसऱ्याला मानणं, नव्हे. हा फरक धाकट्याच्या व्हिडिओवाल्या मौलवींना सांगावासा वाटत नाही, कारण त्यावर आवाज चढवता येत नाही.

इजिप्तच्या मुस्लिम ब्रदरहूडचे संस्थापक हसन अल-बन्ना यांनी (१९०६–१९४९) आपल्या वीस उसुलांत (तत्त्वांत) एक वाक्य घातलं: वसिल्यानं दुआ मागावी की नाही हा मतभेद दुआ मागण्याच्या पद्धतीचा आहे, अकीद्याचा नाही. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण हे वाक्य कामाचं आहे.

पद्धतीचे मतभेद तर आमच्या घरातच आहेत. आमचे हे सोलापूरचे, हनफी. सुट्टीत इथं आले की फजरला, पहाटेच्या नमाजाला, गावच्या मशिदीत जातात. आम्ही कोकणातले शाफई, त्यामुळे नमाजाच्या दुसऱ्या रकातीत (फेरीत) रुकूनंतर, म्हणजे कमरेत वाकून उठल्यावर, इमाम मोठ्यानं कुनूतची दुआ पढतात आणि सगळी जमात हात उचलून आमीन म्हणते. हे तेवढा वेळ हात खाली सोडून गप्प उभे राहतात. इमामामागे उभ्या हनफीनं तसंच करावं असं इमाम अबू हनीफा यांचं मत. त्यांचेच शागिर्द अबू यूसुफ म्हणतात, इमामाच्या पाठोपाठ पढावं. पंधरा वर्षं झाली, बाजूच्या माणसानं ह्यांना कधी टोकलं नाही. तीही दुआच की.

मात्र एका गोष्टीत मी नानीची वकिली करणार नाही. मागे माहीमला गेलो होतो तेव्हा ती मखदूमबाबांच्या दर्ग्यात जाळीला धरून म्हणाली, "बाबा, माझ्या पोराला सांभाळ." इथं 'अल्लाह' नव्हताच वाक्यात. मी घाबरून विचारलं तर म्हणते कशी, "देणारा अल्लाहच गो बाय, मला काय तेवढं कळत नाय?" वसीला मानणारे आलीम (धर्मपंडित) हेच म्हणतात: शब्द वरवरचा असतो, मनात देणारा एकच. असेलही. पण मनातलं जर तेवढं साफ असेल तर जिभेवर का येऊ नये? सदक्यानं मागणं वेगळं आणि त्यांच्याकडेच मागणं वेगळं. तिथं मी धाकट्याच्या बाजूला, फक्त त्याच्या आवाजात नाही.

मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) स्वतः शाफई आलीम. त्यांनी अरबीत कुराणाची तफसीर (भाष्य) लिहिली, एका आयतीचा पुढच्या आयतीशी सांधा कसा जुळतो हे दाखवत. जाळीपाशी गर्दी मावत नाही आणि तफसीर मात्र आमच्या अख्ख्या खानदानात कोणी उघडलेली नाही. मीही नाही.

जेवणानंतर धाकटा बॅग भरत होता. सुकट, कुळथाचं पीठ, आंबोशी. नानीनं तीन पिशव्यांत घट्ट बांधलेलं, तरी वास येतच होता. ती म्हणाली, "आता तू कर दुआ, तुझ्यासारखी." त्यानं हात उचलले, अरबीतली सफरची दुआ पढली, मग आपल्या बोलीत नानीच्या गुडघ्यांसाठी मागितलं. सरळ, मध्ये कोणाचं नाव नाही. नानी मोठ्यानं आमीन म्हणाली. मग ओठांतल्या ओठांत, "हबीबच्या सदक्यानं."

त्यानं ऐकलं. आंबोशीची पिशवी जरा आत दाबली आणि बॅगेची चेन ओढत राहिला.