सलामीची चार मिनिटे आणि वहीतला सहावा रकाना

या पावसाळ्यात हेरपटांच्या सलामीच्या प्रसंगांचे शॉटगणिक तक्ते करण्याचे काम मी हाती घेतले आहे. प्रत्येक शॉटसाठी वहीत एक ओळ आणि त्या ओळीत पाच रकाने, अशी माझी पद्धत आहे: शॉटची लांबी, कॅमेऱ्याचे अंतर व कोन, कॅमेरा स्थिर आहे की हलता, प्रकाश कोठून येतो आणि त्या वेळी काय ऐकू येते. आरंभासाठी मार्टिन कॅम्पबेल यांनी दिग्दर्शित केलेला, जेम्स बाँड या ब्रिटिश हेराचा 'कॅसिनो रोयाल' (२००६) निवडला. त्यातला श्रेयनामावलीपूर्वीचा भाग चार मिनिटांहूनही लहान आहे, त्यात ना पाठलाग आहे ना स्फोट, आणि तरीही तो सुरू झाला की पडद्यावरून नजर हलत नाही. असे नेमके कशामुळे होते, हे मला मोजमाप करून समजून घ्यायचे होते.

पहिला आठवडा

आवाज पूर्ण बंद ठेवून हा भाग लागोपाठ तीन वेळा पाहिला. प्राग शहरातली रात्र आहे, चित्र कृष्णधवल आहे, एक गाडी काचेच्या आधुनिक इमारतीपाशी थांबते आणि जाड कोट घातलेला, ब्रिटिश गुप्तचर खात्याचा ड्रायडन नावाचा अधिकारी लिफ्टने आपल्या कार्यालयात येतो. एवढ्यात काहीही घडलेले नसते, पण चौकटी तिरक्या लावलेल्या असल्यामुळे इमारतीच्या उभ्या रेषा एका बाजूला कललेल्या दिसतात आणि कोठेतरी बिघडले आहे ही जाणीव प्रेक्षकाला गोष्ट कळण्याआधीच होते. युद्धोत्तर व्हिएन्नावरच्या कॅरल रीड यांच्या १९४९ सालच्या चित्रपटात अशाच कललेल्या चौकटी आहेत, आणि युरोपातले रात्रीचे शहर, कृष्णधवल चित्र व तिरका कॅमेरा हे तीन घटक एकत्र आले की जुन्या हेरकथांची आठवण आपोआप जागी होते. कॅम्पबेल यांनी ही आठवण जाणीवपूर्वक वापरली आहे, असे माझे मत आहे.

कार्यालयात शिरल्यावर ड्रायडनला तिजोरी उघडी दिसते आणि मग अंधारात बसलेला बाँड दिसतो. येथून पुढे कॅमेरा जवळजवळ शांत आहे. दोघे बसून बोलतात, चेहऱ्यांचा काही भाग उजेडात असतो आणि बराचसा सावलीत. या शांत शॉटांच्या मध्ये बाँडने आधी एका माणसाशी केलेल्या स्वच्छतागृहातल्या मारामारीचे तुकडे येतात. तेही कृष्णधवलच आहेत, पण त्यांचा पोत अगदी वेगळा आहे: चित्र खरखरीत आणि दाणेदार, पांढरा भाग भडक उजळलेला, कॅमेरा हातात धरलेला व धक्के खाणारा, शॉट अतिशय छोटे. एकाच रंगहीनतेच्या दोन जाती शेजारी ठेवल्या आहेत. हे मोठ्या पडद्यावर पाहताना मला कधी जाणवले नव्हते, वहीत दोन ओळी एकाखाली एक लिहिताना जाणवले.

दुसरा आठवडा

या आठवड्यात पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकले. ड्रायडन म्हणतो की बाँडला अजून 'डबल ओ'चा, म्हणजे ठार मारण्याचा परवाना असलेल्या हेराचा, दर्जा मिळालेला नाही, त्याच्या नावावर एकही बळी नाही, आणि त्या दर्जासाठी लागतात... हे वाक्य तो पूर्ण करण्याआधी बाँड केवळ 'दोन' एवढा एकच शब्द बोलतो, आणि त्या शब्दापाठोपाठ आपण थेट स्वच्छतागृहातल्या आदळआपटीत फेकले जातो. जवळजवळ कुजबुजीच्या पातळीवरचे संभाषण आणि त्यानंतरचा तो आघात यांतल्या अंतरामुळे मारामारी आहे त्याहून जास्त हिंसक वाटते. संकलक स्टुअर्ट बेअर्ड यांनी कट आकड्यावर ठेवला आहे. दोन म्हटल्यावर पहिला कोण आणि दुसरा कोण, हे प्रेक्षकाच्या मनात उमटण्याच्या क्षणी पहिल्याचे उत्तर पडद्यावर येते, आणि दुसरा कोण ते समोर बसलेल्या माणसाकडे पाहून आपले आपणच ओळखतो.

संगीताची नोंद करताना आणखी एक गोष्ट ठळक झाली. संगीतकार डेव्हिड अरनॉल्ड यांनी बाँडची सुप्रसिद्ध धून येथे पूर्ण रूपात वाजवलेलीच नाही, ती चित्रपटाच्या अगदी शेवटापर्यंत राखून ठेवली आहे. आपण ती ऐकण्याच्या तयारीने बसतो आणि ती मिळत नाही. सलामीचा प्रसंग काय देतो याइतकेच तो काय रोखून धरतो हेही तक्त्यात यायला हवे, हे मला येथे पहिल्यांदा कळले.

तिसरा आठवडा

पाचही रकाने भरून झाले तरी माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळेना. कॅमेरा, प्रकाश आणि ध्वनी यांची नोंद अचूक होती, पण ती वाचून ताण कोठे वाढतो हे सांगता येत नव्हते. शेवटी मी सहावा रकाना आखला: 'या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे'. त्यानंतर संपूर्ण भाग पुन्हा पहिल्या शॉटपासून लिहून काढला आणि मला जे हवे होते ते या रकान्यात सापडले.

ड्रायडनच्या मेजाचा खण उघडतो आणि त्यातले पिस्तूल दिसते, तो शॉट उदाहरणादाखल घ्यावा. त्या क्षणी पिस्तूल ड्रायडनला ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे, बाँडला मात्र ते ठाऊक नाही असे आपण समजतो, आणि म्हणून पुढचे सगळे सभ्य संभाषण आपण बाँडच्या काळजीने ऐकतो. मग ड्रायडन पिस्तूल रोखून चाप ओढतो, गोळी सुटत नाही, आणि बाँड आधीच काढून ठेवलेले मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातली गोळ्यांची पेटी, दाखवतो. सगळ्यात कमी माहिती ज्याच्याजवळ आहे असे आपण मानत होतो, त्याच्याचजवळ ती सर्वांत जास्त होती. या एका उलटापालटीत नव्या अभिनेत्याचा बाँड कसा आहे हे आपल्याला पटते. डॅनियल क्रेग यांचा बाँड म्हणून हा पहिलाच चित्रपट होता, आणि त्यांची ओळख करून देण्यासाठी दिग्दर्शकाने शौर्याऐवजी पूर्वतयारी निवडली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्यानंतर ड्रायडन विचारतो की पहिला कसा मेला. बाँडचे उत्तर त्रोटक आहे, पण त्याबरोबर पाण्याच्या बेसिनमध्ये डोके दाबले जाण्याचे चित्र येते आणि शब्दांनी जे सांगितले नाही ते चित्र सांगते. दुसऱ्या वेळी हे काम सोपे जाते, असे काहीसे ड्रायडन म्हणू लागतो आणि त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच गोळी सुटते. वाक्य तोडण्याची युक्ती येथे दुसऱ्यांदा वापरली आहे. 'दोन'च्या वेळी शब्दाने वाक्य तोडले होते, या वेळी गोळीने.

येथे मूळ कादंबरीची आठवण ठेवणे आवश्यक आहे. इयन फ्लेमिंग यांच्या १९५३ सालच्या पुस्तकात बाँड आपल्या दोन बळींची हकिगत इस्पितळातल्या खाटेवरून, गोष्ट बरीच पुढे गेल्यावर सांगतो. तेथे पहिला बळी न्यूयॉर्कमध्ये दुरून, नेम धरून घेतलेला आहे आणि दुसरा स्टॉकहोममध्ये सुरीने, जवळून. चित्रपटाने एक दूरस्थ आणि एक अंगाला भिडणारा मृत्यू हा आकृतिबंध ठेवला, पण क्रम उलटा केला: आधी झोंबाझोंबी, मग थंडपणे झाडलेली गोळी. कादंबरीतला बाँड ही हकिगत सांगताना आपल्या पेशाविषयी साशंक झालेला असतो, चित्रपटातला बाँड त्या पेशात आत आत शिरताना दिसतो. क्रम बदलल्याने अर्थाची दिशा बदलली.

चौथा आठवडा

ड्रायडन मरतो तेव्हा प्रसंग संपला असे वाटते, पण संकलन पुन्हा स्वच्छतागृहात परतते. मेला असे आपण समजलो होतो तो माणूस उठून पिस्तूल रोखतो, बाँड वळून गोळी झाडतो, आणि त्याच क्षणी बंदुकीच्या नळीतून पाहिल्यासारखी ती बाँडपटांतली परिचित गोल चौकट तयार होते. म्हणजे पहिल्या बळीचा खरा शेवट दुसऱ्या बळीनंतर दाखवला आहे. घटनाक्रमाने पाहिल्यास हे उलटे आहे, सहाव्या रकान्याच्या दृष्टीने मात्र अगदी चोख आहे, कारण प्रेक्षकाची शेवटची चुकीची समजूत शेवटच्या क्षणी मोडली जाते.

नळीची ही प्रतिमा मॉरिस बाइंडर यांनी १९६२ सालच्या 'डॉक्टर नो'साठी घडवली. तेव्हा पांढऱ्या वर्तुळात चालत येऊन गोळी झाडणारी व्यक्ती बाँडची भूमिका करणारे शॉन कॉनरी नव्हे, तर बॉब सिमन्स हे स्टंटपटू होते. त्यानंतर ती प्रतिमा चित्रपटाच्या आरंभी येणारी खूण झाली, गोष्टीशी तिचा संबंध नसे. 'कॅसिनो रोयाल'मध्ये ती पहिल्यांदा आरंभावरून हलवली गेली आणि गोष्टीच्या आतच घडली. बाँडच्या अंगावर डिनर जॅकेट नाही, मोकळा शर्ट आहे, आणि मागे रिकामी पांढरी भिंत नाही, मारामारीची जागा आहे. त्यानंतर डॅनियल क्लाइनमन यांची पत्त्यांच्या चिन्हांनी भरलेली रंगीत श्रेयनामावली सुरू होते.

सहावा रकाना अन्यत्र चालतो का, हे पाहण्यासाठी टेरेन्स यंग यांचा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) घेतला. श्रेयनामावलीपूर्वी प्रसंग ठेवण्याची बाँडपटांची प्रथा याच चित्रपटापासून सुरू झाली. चांदण्यातल्या बागेत बाँड दबकत चालतो आहे, रॉबर्ट शॉ यांनी उभा केलेला ग्रँट हा मारेकरी त्याच्या मागावर आहे, आणि अखेर तो घड्याळातून तार ओढून त्याचा गळा आवळतो. दिवे लागतात, १ मिनिट ५२ सेकंदांची वेळ जाहीर होते, मृताचा मुखवटा उतरवला जातो आणि खाली मिशी असलेला अनोळखी चेहरा निघतो. संपूर्ण वेळ सहाव्या रकान्यात प्रेक्षकाच्या नावापुढे एकच चुकीची समजूत होती, बाकी सर्वांना सत्य ठाऊक होते. मुखवटा निघाल्यावर सुटकेचा श्वास टाकतानाच ग्रँट किती तयारीचा आहे हे मनात कोरले जाते, आणि पुढे बराच वेळ तो शब्दही बोलत नसला तरी त्याची भीती कायम राहते.

सध्याचे काम

आता सॅम मेंडिस यांच्या 'स्पेक्टर'चा (२०१५) तक्ता सुरू आहे. मेक्सिको सिटीतल्या मृतांच्या दिवसाच्या गर्दीतून कवटीचा मुखवटा घातलेला बाँड चालतो, हॉटेलात शिरतो, लिफ्टने वर जातो, खोलीत येतो आणि खिडकीतून बाहेर पडून कठड्यावरून पुढे जातो. सुमारे चार मिनिटांचा हा प्रवास एकच शॉट असल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो अनेक शॉट जोडून केलेला आहे. जोड लपवण्याजोग्या जागा दारांपाशी आणि अंधाऱ्या भागांत आहेत, त्या मी पेन्सिलीने खुणावल्या आहेत. माझी अडचण सहाव्या रकान्याची आहे. कट नसल्यामुळे कॅमेरा बाँडला सोडून दुसऱ्या कोणाकडे स्वतंत्रपणे जाऊ शकत नाही, म्हणून त्या रकान्यात जवळजवळ शेवटपर्यंत एकच वाक्य येते: त्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही. ड्रायडनच्या खणासारखा एकही शॉट येथे शक्य नाही. तरीही ओढ टिकते. पुढच्या आठवड्यात आवाज बंद करून फक्त बाँडच्या चालीची गती मोजणार आहे, कारण गर्दीतला तोच एक माणूस ठरवून कोठेतरी निघालेला दिसतो, आणि ती ओढ तेथूनच येत असावी असा माझा कयास आहे.