माझ्या वाट्याची हातभर भिंत

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी कपाटाच्या वरच्या खणातून एक वही काढली. दोनशे पानी, खाकी कव्हराची. वर माझ्या नववीतल्या अक्षरात लिहिलंय : तंजावर, जानेवारी 1986. शाळेने मला पुष्कळ दिलं. त्यातलं हातात धरून दाखवता येईल असं माझ्याकडे ही वहीच आहे, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

आपल्या शाळेची सहल तोवर पंढरपूर, तुळजापूर, फार तर विजापूर इथवर जायची. गोलघुमटात ओरडून यायचं आणि रात्री एसटीत झोपायचं. त्या वर्षी इतिहासाच्या सरांनी तंजावरचा हट्ट धरला. पालकसभेत कुणीतरी विचारलं, एवढ्या लांब मद्रास मुलखात मुलांना कशाला न्यायचं? सरांनी फळ्यावर खडूने दोन ठिपके काढले, एक रायगडचा, दुसरा पार खाली कावेरीच्या काठी. म्हणाले, "हे घर मोठ्या भावाचं, हे धाकट्याचं. मोठ्याच्या घरी आपण दरवर्षी जातो. धाकट्याच्या घरी आपल्या भाषेत लिहिलेली एक भिंत आहे, ती वाचायला कुणी जात नाही." माझे वडील सभेतून घरी आले आणि आईला म्हणाले, याला पाठवायचं. पैसे दोन हप्त्यांत भरले. वर्गातल्या काहींना तेही जमलं नाही, आणि वही उघडली की आधी तेच मित्र आठवतात.

सोलापूरहून मद्रासची गाडी, मद्रासला एग्मोर स्टेशनवर बदलून मीटरगेजची छोटी गाडी. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर भाताशिवाय काही नव्हतं. आम्ही ज्वारीच्या, दुष्काळाच्या मुलखातली पोरं. इतकं पाणी, इतकं हिरवं आणि एकही डोंगर नाही, हे बघून गप्प झालो. सर म्हणाले, डोंगर नाही हे लक्षात ठेवा, उपयोगी पडेल.

उपयोगी पडलं ते मोठ्या देवळासमोर. खंदक आणि तटाच्या आत, दोन गोपुरं ओलांडून पटांगणात आलो की समोर बृहदीश्वराचं शिखर. तिकडे त्याला विमान म्हणतात. उंची सुमारे 66 मीटर, तेरा मजले, सगळं ग्रॅनाइटचं. पहिल्या राजराज चोळाने ते 1010 मध्ये पुरं केलं. सरांनी एवढंच विचारलं, "डोंगर नाही, मग दगड कुठून आला?" कितीतरी कोसांवरून, ओढून आणलेला. त्या प्रश्नानंतर त्या देवळाकडे नुसतं 'केवढं मोठं' म्हणून बघताच येईना. प्रत्येक दगडामागे बैल आणि माणसं दिसायला लागली.

या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं आम्ही ऐकून होतो. सरांनी खरं-खोटं काही सांगितलं नाही. सकाळी आणि दुपारी उन्हात उभं केलं आणि वहीत लिहायला लावलं. सावली पडते. चांगली लांबलचक पडते. वहीच्या पहिल्या पानावर मी तिचं रेखाचित्र काढलंय.

मराठी भिंतीकडे जायची आम्हाला घाई झाली होती, पण सरांनी आधी जोत्याभोवती फिरवलं. तिथे सगळीकडे तमिळ लेख कोरलेले. आम्हाला अक्षरही लागत नव्हतं. सरांनी वाचून तयार केलेल्या टिपणातून सांगितलं की यात राजाने देवळाला काय काय दिलं त्याचा हिशेब आहे. सोनं, दागिने, दिव्यांच्या तुपासाठी दिलेली गुरं आणि 400 नर्तकी, नावानिशी. कुठल्या गावाहून आणली, कुठल्या गल्लीत कितवं घर दिलं, वर्षाला भात किती, सगळं. हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं आणि पत्ते! राजाचं नाव तर कुठेही टिकलं असतं. त्या 400 जणींची नावं टिकली ती कुणीतरी दगडावर नीट यादी केली म्हणून. शिक्षणाधिकारी कार्यालयात तीस वर्षं याद्या तपासताना मला त्या जोत्याची आठवण किती वेळा आली असेल.

एकाच दगडातून काढलेला नंदी बघितला. तो आणि त्याचा मंडप नंतरच्या, म्हणजे मराठ्यांच्या आधी तिथे राज्य केलेल्या नायक राजांच्या काळातला. मग सरांनी आम्हाला प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला नेलं.

काळपट भिंत, आणि तिच्यावर बाळबोध अक्षरं. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. दुकानाच्या तमिळ पाट्या, बसचे तमिळ बोर्ड, दोन दिवस त्यातलं काहीही वाचता येत नव्हतं. आणि अचानक एक अख्खी भिंत आपल्याशी बोलायला लागली. आमच्यातला एक जण मोठ्याने ओरडला, "सर, मराठी!" सर नुसते हसले.

1803 मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला हा भोसले वंशाचा इतिहास. एवढा मोठा मराठी शिलालेख महाराष्ट्रातही नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, तिकडे त्यांना एकोजी म्हणतात, त्यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि 1855 पर्यंत त्यांच्या वंशाचं राज्य तिथे होतं. सरफोजींच्या वाट्याला आलं ते नावापुरतंच. 1799 च्या तहाने सत्ता इंग्रजांकडे गेली, राजाच्या हाती उरला किल्ला आणि तनखा. राज्य गेल्यावर चार वर्षांनी हा माणूस आपल्या घराण्याची हकिकत शेकडो मैलांवरच्या आपल्या भाषेत, आठशे वर्षं जुन्या चोळांच्या देवळावर कोरून घेतो. का, ते सरांनी आम्हाला विचारलं. आम्ही पोरं, उत्तर देता आलं नाही. मला वाटतं, ते उत्तर मागत नव्हतेच.

अख्खा लेख उतरवायला आठवडाही पुरला नसता. सरांनी एक तुकडा निवडला आणि दोघादोघांना हातभर भिंत वाटून दिली. नियम दोनच. दिसतं तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. आणि जे वाचता येत नाही तिथे अंदाजाने काही ठोकून द्यायचं नाही, जागा सोडायची. मी पहिल्याच ओळीत 'जाले' हा शब्द बघितला आणि वहीत 'झाले' लिहिलं. सरांनी खोडायला लावलं. "तेव्हा असंच लिहीत. तो दोनशे वर्षं उभा आहे, तू त्याचं शुद्धलेखन तपासू नकोस."

अक्षरं ओळखीची, पण वाचन जमेना. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होतो आणि जोडीदार लिहून घेत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी माझंच अक्षर पुन्हा म्हटलं. वळून बघितलं तर एक आजोबा. पांढरं वेष्टी, कपाळाला भस्म, हातात नारळाची पिशवी. तमिळ माणूस वाटले. "मराठी का रे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या बोलण्याची चाल तमिळ होती, शब्द आपले. काही शब्द आम्ही आजीच्या तोंडूनच ऐकलेले. त्यांचे पूर्वज राजांबरोबर आले होते. ते स्वतः मद्रासच्या पलीकडे कधी गेले नव्हते. महाराष्ट्र पाहिला नव्हता. घरी मराठीच बोलत, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत, कारण शाळा तमिळ. देवनागरी त्यांना येत नव्हती. म्हणाले, "माझे आजोबा इथं आणून हात लावून दाखवायचे, हे आपलं आहे म्हणायचे. काय लिहिलंय ते त्यांनाही वाचता येत नव्हतं. तू वाचतोस का?"

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "वाच. सावकाश वाच."

भिंतीवर बोट ठेवून मी वाचायला लागलो. आणि मग जे झालं ते मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. मी नुसती अक्षरं म्हणत जायचो, सलग, न तोडता, कारण मला तोडता येत नव्हतं. आजोबा डोळे मिटून ऐकायचे आणि पाठोपाठ तेच शब्द तोडून म्हणायचे. त्यांनी म्हटलं की वाक्य कळायचं. माझ्याकडे अक्षर होतं, त्यांच्याकडे कान होता. एका ओळीत एकोजीराजांचं नाव आलं, तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवून हात जोडले. हळूहळू सगळी पोरं आपापली भिंत सोडून भोवती जमा झाली. सर थोडे लांब उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

जाताना आजोबांनी नारळ फोडून सगळ्यांना खोबरं दिलं. सर त्यांच्या पाया पडले, म्हणून आम्हीही पडलो. नाव-पत्ता लिहून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. सावलीची लांबी लिहून घेतली आणि माणसाचं नाव घेतलं नाही, याची खंत मला अजूनही आहे.

त्या सहलीत राजवाडा घाईघाईतच झाला. मोठ्या किल्ल्याच्या आत तो आहे. नायकांनी बांधलेला, मराठ्यांनी वाढवलेला. रंगीत दरबार आणि उंच मनोरा एवढंच आठवतं. दुसऱ्या दिवशी दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ बघितलं, मग परत. बृहदीश्वराचं नाव जागतिक वारशाच्या यादीत 1987 मध्ये आलं. ती बातमी सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली होती, असं नंतर कळलं. आम्ही तोवर दहावी होऊन शाळेतून बाहेर पडलो होतो.

पुन्हा जायला मला 2023 साल उजाडलं. निवृत्त झालो आणि पत्नीला घेऊन गेलो. मीटरगेज केव्हाच गेलं. या वेळी राजवाड्यासाठी दोन दिवस काढले, कारण त्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय मला नीट बघायचं होतं. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह. सरफोजींनी त्याला आयुष्य वाहिलं आणि 1918 पासून तो सर्वांना खुला आहे. ताडपत्रं, कागदी पोथ्या, संस्कृत, तमिळ, तेलुगू, आणि मराठीच्या तीन हजारांवर पोथ्या. मोडी कागदांचे तर गठ्ठेच्या गठ्ठे. सरफोजी काशीयात्रेला गेले तेव्हा तिकडूनही हस्तलिखितं घेऊन आले. धन्वंतरी महाल या त्यांच्या दवाखान्यात नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेवलेल्या होत्या, प्रत्येक रोग्याच्या डोळ्याच्या रंगीत चित्रासह. राज्य हातात नसलेला राजा काय काय करू शकतो! मी ग्वाल्हेर पाहिलं, बडोदं पाहिलं. तिथले वाडे जास्त श्रीमंत आहेत. पण त्या ग्रंथालयाच्या छोट्या दालनाइतकं मला कुठल्याच वाड्यात थांबावंसं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी वही घेऊन भिंतीपाशी गेलो. माझी हातभर जागा शोधायला वेळ लागला. भिंत मोठी, आणि तेव्हा ती माझ्या डोक्याच्या वर होती, आता छातीशी आली. 'जाले' सापडलं आणि पुढचं आपोआप लागलं. पत्नी वही धरून एकेक ओळ ताडून बघत होती. आसपास बरीच माणसं होती, मराठी कानावर पडतं का म्हणून मी थोडा वेळ लक्ष देऊन ऐकत राहिलो. पडलं नाही.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी वहीत चार ठिकाणी जागा सोडली होती. निवृत्तीनंतर मी जुनं मराठी लिखाण वाचायला शिकलो आहे, त्यामुळे तीन जागा या वेळी तिथेच उभ्या उभ्या भरता आल्या. पेनाने भरल्या, म्हणजे नववीतलं अक्षर कुठलं आणि आताचं कुठलं ते कळेल. चौथ्या जागी दगड झिजलेला आहे. बोट फिरवून बघितलं, तिरक्या उजेडात बघितलं, दुपारी पुन्हा जाऊन बघितलं.

ही वही मी या स्मरणिकेबरोबर शाळेच्या ग्रंथालयात देत आहे. नवव्या पानावर, वरून सहाव्या ओळीत, ती जागा अजून रिकामी आहे.

— एक माजी विद्यार्थी, दहावी 1987