पंख्याचा आवाज

"हा पंखा कधीपासून एवढा कुरकुरतोय?" दवाखान्यातून घरी आल्या आल्या बाबांनी विचारलं.

पंखा दिवाळीपासून कुरकुरतोय.

मळ मऊ व्हावा म्हणून पाच दिवस कानात थेंब घातले होते. आज डॉक्टरांनी पिचकारीने कोमट पाणी सोडलं, ३७ अंशांच्या आसपासचं. फार गार किंवा गरम असलं तर गरगरतं. तुरीच्या दाण्याएवढा काळपट गोळा बाहेर पडला.

"कापसाची काडी घालता कानात?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

बाबांनी मान डोलावली. रोज, आंघोळीनंतर, न चुकता. मळ तयार होतो कानाच्या बाहेरच्या भागात. चावताना, बोलताना जबडा हलतो तसा तो बहुतेक वेळा आपणहून बाहेर सरकतो. काडी त्याला उलट आत, पडद्याकडे ढकलते.

पण मला बोचतंय ते वेगळंच. "वय झालं, ऐकू कमी येणारच," असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. हळूहळू त्यांच्याशी बोलणंच कमी केलं. जेवताना ते नुसते आमच्या तोंडांकडे बघत बसायचे.

संध्याकाळी त्यांनी नातीला जवळ घेतलं. "शाळेत काय झालं, आता सांग. हळू बोललीस तरी चालेल."