भंगारातला आरसा

पार्किंगमध्ये कोणीतरी आमच्या २००९ च्या टोयोटा कॅमरीचा उजवा आरसा उडवून गेलं. चिठ्ठी नाही, काही नाही. डीलरने आरसा, रंग, बसवणं धरून चारशे डॉलरच्या वर आकडा सांगितला. गाडीचीच किंमत आता किती राहिलीय, त्यात एवढे कोण घालणार, तर नवरा म्हणाला जंकयार्डला, म्हणजे गाड्यांच्या भंगारवाड्यात जाऊ.

डेट्रॉईटच्या बाजूला राहिलं की यार्ड शोधत फिरावं लागत नाही. पण आत शिरायचे नियम बघा. भंगारात जायला तिकीट, दोन डॉलर! मग लागलं-खुपलं तर आमची जबाबदारी नाही अशा कागदावर सही, मग पान्यांची पेटी उघडून दाखवायची, जॅक न्यायचा नाही, गॅस कटर न्यायचा नाही, आणि माझ्या पायात सँडल बघून गेटवरच्या माणसाने मला सरळ परत गाडीकडे पिटाळलं. इथे बाथरूममध्ये पाय घसरला तरी लोक वकील गाठतात म्हणून हे सगळं, सुरक्षा वगैरे नंतर. बरं, एवढं सगळं करून पार्ट तुमचा तुम्हीच काढायचा. पोऱ्याला हाक मारून 'जरा हे खोल रे' म्हणायची सोय नाही.

आत मात्र मी गप्प झाले. चाकं काढून वेल्ड केलेल्या रिमांवर उभ्या केलेल्या गाड्या, फोर्ड एकीकडे, जीएम एकीकडे, जपानी एकीकडे, सगळ्यांची बॉनेटं उघडी. आणि भिंतीवर रेटचा बोर्ड. आरसा म्हणजे आरसा, लेक्ससचा असो नाहीतर कोरोलाचा, एकच रेट. घासाघीस नाही, 'ताई, ओरिजिनल आहे, घरी नेऊन बघा' नाही, मला हे इतकं आवडलं की नवरा पाने शोधत होता आणि मी नुसती बोर्ड वाचत उभी. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरसारख्या पार्टवर वेगळं डिपॉझिट, जुना आणून दिला की परत, आमच्या मिशिगनमध्ये कोकच्या कॅनवर दहा सेंट मिळतात तसंच.

कॅमरी २००७ ते २०११ एकाच साच्यातली, त्यामुळे त्यातलं कुठलंही मॉडेल चालतं, फक्त काच गरम होणारा आरसा असेल तर वायरचा प्लग जुळतोय का बघायचं. दाराच्या आतून तिकोनी प्लास्टिक उचकटलं की दहा नंबरचे तीन नट. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडीखालचे बोल्ट गंजून नुसते चिकटून बसतात, पण हे नट दाराच्या आत असल्यामुळे अलगद निघाले. तीस डॉलरच्या आत काम झालं. रंगही तोच, चंदेरी.

आता पर्यावरणाचं. गाडी रांगेत लागायच्या आधी तिच्यातलं पेट्रोल, ऑइल, कूलंट काढून घेतात, एसीचा गॅस हवेत सोडला तर कायद्याने गुन्हा, बॅटरी वेगळी, जुन्या अमेरिकन गाड्यांच्या डिकीच्या दिव्यात पाऱ्याचा स्विच असायचा तोही काढतात. गिऱ्हाइकांनी ओरबाडून उरलेला सांगाडा चेपून तुकडे करणाऱ्या मशीनला, श्रेडरला जातो, पोलाद परत भट्टीत. ॲल्युमिनियम तर भंगारातून केलं की नव्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. सीटचा फोम, काच, प्लास्टिक यांचा चुरा मात्र बहुतेक जमिनीतच गाडतात, ते कोणी अभिमानाने सांगत नाही.

आणि इथेच मला राग येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत आपली माणसं वर्षानुवर्षं जुन्या पार्टांवर गाड्या चालवतायत, त्याला आपण 'जुगाड' म्हणून नाक मुरडायचं आणि इथे तेच केलं की 'ग्रीन'! आपल्याकडे एकही नट वाया जात नाही हो. आता ऑइल गटारात जातं आणि बॅटरीचं ॲसिड उघड्या हातांवर, ते आहेच, ते मी नाकारत नाही. त्यासाठीच २०२१ मध्ये स्क्रॅपिंगचे नियम आले, अधिकृत केंद्रात गाडी दिली की सर्टिफिकेट मिळतं आणि खाजगी नव्या गाडीच्या टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

बाबांना फोनवर हे सगळं समजावलं. त्यांची वॅगन-आर पंधरा वर्षांची झालीय. तर म्हणे, अगं पाच हजार भरून पाच वर्षांचं पासिंग करून आणलं परवाच, आणि नवी गाडी बनवायला काय पोलाद लागत नाही का? मी गप्प बसले, कारण जुनीच गाडी चालवायची, हे डीलरच्या काउंटरवर मीच बोलून आले होते.