बँकॉक झाले, आता पुढे कुठे?

"बँकॉक-पट्टाया पाहून झाले, आता थायलंडला पुन्हा जायचे तर कुठे जावे?" हा प्रश्न मला नातेवाईक, शेजारी आणि सोसायटीतील मंडळी नेहमी विचारतात. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा फुकेत किंवा क्राबी मनात आधीच ठरवलेले असते आणि माझ्याकडून त्याला केवळ दुजोरा हवा असतो. तो मी सहसा देत नाही. तिथले किनारे सुंदर आहेत, यात वाद नाही. परंतु ज्याला शेषशायी विष्णू आणि नागपाशात अडकलेले राम-लक्ष्मण ओळखायला वाटाड्या लागत नाही, अशा माणसाने थायलंडच्या ईशान्येकडे, तिथले लोक ज्याला इसान म्हणतात त्या पठारावर जावे, असे माझे मत आहे. सहल कंपन्या तिकडे फारशा फिरकत नाहीत, कारण त्या भागात समुद्र नाही, खरेदीचे बाजार नाहीत आणि रात्रीचा झगमगाटही नाही.

जाण्यासाठी रेल्वे उत्तम. बँकॉकहून लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात या नव्या, अवाढव्य स्थानकातून सुटतात. टॅक्सीवाल्याला हे नाव उमगले नाही तर 'बांग सू' म्हणावे. कोराटपर्यंतचा, म्हणजे अधिकृत नावाने नाखोन रात्चासीमापर्यंतचा, हा लोहमार्ग थायलंडच्या सरकारी रेल्वेचा सर्वांत जुना मार्ग आहे. त्याचा अयुथयापर्यंतचा टप्पा १८९७ साली सुरू झाला आणि १९०० साली गाडी कोराटला पोहोचली. साध्या डब्याचे भाडे आपल्या पॅसेंजर गाडीच्या भाड्याची आठवण करून देईल इतके कमी असते, खिडक्या उघड्या असतात आणि टोपलीतून खाऊ विकणाऱ्या बायका डब्यातून फेऱ्या मारत असतात.

वाटेत अयुथयाला एक रात्र अवश्य थांबावे. बँकॉकहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे लोक भर उन्हात विटांचे ढिगारे पाहतात आणि कंटाळतात. १३५१ ते १७६७ अशी चारशेहून अधिक वर्षे ही सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी होती. बर्मी सैन्याने ती जाळली आणि त्यानंतर राजधानी पुन्हा तिथे गेली नाही. स्थानकाबाहेर नदीच्या धक्क्यावरून छोटी होडी काही बाथांत (बाथ हे थाई चलन) पलीकडच्या जुन्या शहरात सोडते आणि तिथे भाड्याने सायकल मिळते. वाट महाथात या विहाराच्या आवारात झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे मस्तक आहे, ज्याचे छायाचित्र सर्वांनीच कुठे ना कुठे पाहिलेले असते. त्याच्यासोबत आपले छायाचित्र काढायचे तर खाली बसावे लागते, कारण आपले डोके बुद्धाच्या मस्तकाहून वर असणे तिथे अनादराचे मानतात.

कोराट हे शहर म्हणून सामान्यच आहे. तिथे मुक्काम करावा तो फिमायसाठी. बसने साठेक किलोमीटरवर असलेल्या या लहानशा गावाच्या अगदी मध्यावर अकराव्या-बाराव्या शतकातील ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियाच्या राजवटीतील, मंदिर उभे आहे. त्या राजवटीची राजधानी अंगकोर, तिथून येणारा जुना राजमार्ग इथे पोहोचत असे. मंदिर महायान बौद्धांचे, तरीही बाहेरच्या दारांवरील पट्ट्यांवर रामायण कोरलेले आहे: इंद्रजिताच्या नागपाशात जखडलेले दोघे भाऊ आणि भोवती हवालदिल झालेली वानरसेना. आत जावे तर नागाच्या फण्याखाली बुद्ध बसलेला. बाहेर रामकथा आणि आत बुद्ध, यात बांधणाऱ्यांना काहीही विसंगत वाटले नाही.

मात्र या सगळ्या मुलखात एकच ठिकाण पाहायचे असेल, तर ते बुरीराम प्रांतातील फानोम रुंग. कोराटहून नांग रोंगकडे जाणाऱ्या बसने निघावे आणि नांग रोंगलाच मुक्काम करून पुढे गाडी किंवा मोटारसायकल ठरवावी. विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकडीवर दहाव्या ते तेराव्या शतकांत टप्प्याटप्प्याने उभे राहिलेले हे शिवमंदिर आहे. गुलाबी छटेचा वालुकाश्म आणि जांभा, असे दोन दगड त्यात वापरलेले आहेत, आणि कोकणातून आलेल्या माणसाचा हात त्या जांभ्यावरून आपोआप फिरतो. दुतर्फा कमळाच्या कळ्यांच्या आकाराचे दगडी खांब असलेल्या लांब फरसबंद वाटेने चालत जायचे, पाच फण्यांच्या नागांनी कठडे धरलेला पूल ओलांडायचा, पायऱ्या चढायच्या आणि मग पूर्वेचे द्वार समोर येते.

मुख्य मंदिराच्या पूर्वदारावर वरच्या त्रिकोणी भागात दहा हातांचा नटराज आहे आणि त्याच्या खालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू. नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मा बसला आहे, पायांशी लक्ष्मी आहे. शिवाच्या दारावर विष्णूला एवढा मान पाहून आपल्याकडच्या हरिहरभक्तांना बरे वाटावे. ही पट्टी १९६०च्या दशकात चोरीला गेली आणि पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात प्रदर्शित झालेली आढळली. थायलंडमध्ये ती परत मिळावी म्हणून मोठे आंदोलन झाले आणि १९८८ साली, मंदिराचा जीर्णोद्धार पुरा झाला त्याच वर्षी, ती परत आली. तुकडे जोडल्याच्या खुणा जवळून पाहिल्यास स्पष्ट दिसतात. आत नंदी आहे, आणि गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळही शाबूत आहे. मी तिथे गेलो की सर्वाधिक वेळ त्या पन्हळीपाशीच जातो, कारण नक्षी कौतुकासाठी असते, पन्हळ मात्र रोजच्या पूजेची साक्ष देते.

आता जेवणाचे, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच असतो. मांसाहारी माणसाची इसानमध्ये चैन आहे. भाजलेली कोंबडी, बांबूच्या लहान टोपलीतून येणारा चिकट भात आणि सोम ताम ही तिथली रोजची थाळी. सोम ताम म्हणजे मातीच्या खोल खलात मिरची, लसूण, शेंगदाणे, लिंबू, ताडगूळ आणि कच्च्या पपईचा कीस लाकडी मुसळाने हलकेच ठेचून केलेला प्रकार. आपल्या दाण्याच्या कुटाच्या कोशिंबिरीची ती तिखट बहीणच. भाताचा लहान गोळा बोटांनी दाबून त्यात बुडवून खातात, त्यामुळे काट्याचमच्याचा संकोच उरत नाही. शाकाहारी माणसाला मात्र मी गोड बोलून फसवत नाही. मासळीचे खारे पाणी (फिश सॉस) जवळपास प्रत्येक पदार्थात पडते आणि इसानमध्ये आंबवलेली मासळीही पडते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेले दुकान दिसले तर निर्धास्त आत शिरावे. तिथे मांस-मासळीच नव्हे, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्याचीही सोय होते. अशी दुकाने लहान गावांत विरळ असल्यामुळे पिशवीत दशम्या आणि चटणी असलेली बरी.

ज्यांना उत्तरेकडचे चिआंग माई शहर हवेच आहे त्यांनी त्यासाठी वेगळी सहल काढावी, ती नोव्हेंबर ते जानेवारीत. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत उत्तरेत शेतांतील आणि जंगलांतील आगींचा धूर इतका साठतो की समोरचा डोंगर दिसत नाही. किनाऱ्याचे गणितही दोन बाजूंना वेगळे आहे. फुकेत-क्राबीला आपल्या कोकणासारखा नैर्ऋत्य मोसमी पाऊस झोडपतो, तर पूर्वेकडच्या थायलंडच्या आखातातील सामुई बेटावर खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो.

इसानसाठीही थंडीचेच महिने सुखाचे आहेत. तरीही फानोम रुंगचे एक वैशिष्ट्य उन्हाळ्यातच पाहायला मिळते: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये, सूर्य उगवताना त्याचे किरण एका रेषेतील पंधराही दारांतून आरपार जातात. सप्टेंबरमध्ये ढगांचा भरवसा नसतो, म्हणून एप्रिल निवडावा आणि पहाटे लवकर टेकडीवर पोहोचावे. परतीचे तिकीट मात्र मुंबईहून निघण्यापूर्वीच काढून ठेवावे आणि ११ एप्रिलच्या आत बँकॉक गाठावे, कारण १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान म्हणजे थाई नववर्ष असते, बँकॉकमध्ये पोटासाठी राहणारे इसानचे लोक त्याआधीच गावाकडे निघतात, आणि त्या दिवसांत गाडीत काय, बसमध्येही जागा मिळत नाही.